एक नग बेस गिटार

चार तारांच्या इलेक्ट्रिक बेस गिटारची बीओएम, म्हणजे सुट्या भागांची यादी, एका पानात मावते. लाकडाची बॉडी, लाकडाचा नेक, नेकच्या पोटात एक पोलादी सळई, वीस फ्रेट, चार ट्यूनर, वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज, त्यावर चार सॅडल, लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचा पिकअप, दोन पॉट, एक कपॅसिटर, एक जॅक, नेक धरून ठेवणारे चार जाड स्क्रू आणि बाकी किरकोळ माल. पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, तळवडे, चाकणपर्यंत कुणाही वर्कशॉपवाल्यापुढे ही यादी ठेवा. तो आधी ड्रॉइंग मागेल आणि मग विचारेल, ‘नग किती?’

‘एक’ म्हटलं की खरी अडचण सुरू होते. 1950-60 च्या दशकांतल्या ढंगाची बेस गिटार सुटे भाग जमवून इथे उभी करता येईल का, हा प्रश्न या पट्ट्यातल्या बँडवाल्यांत, चर्चमध्ये वाजवणाऱ्यांत आणि आठवडाभर शिफ्ट करून रविवारी तालमीला जाणाऱ्या इंजिनिअर मंडळींत अधूनमधून निघतोच. ‘इथे काय बनत नाही!’ म्हणणारे एका टोकाला, ‘वाद्य म्हणजे वाद्य, ते जॉबवर्कवाल्याचं काम नव्हे’ म्हणणारे दुसऱ्या टोकाला. दोघंही घाईत आहेत. हे भागाभागानेच बघावं लागतं.

मुळात हे वाद्य जन्माने कारखान्यातलं आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1951 मध्ये त्याने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. सिएटलच्या पॉल टटमार्कने तिसाच्या दशकातच आडवी धरून वाजवायची इलेक्ट्रिक बेस केली होती, पण ती फारशी चालली नाही. फेंडरची चालली, कारण ती बनवायला सोपी होती. सपाट फळी कापायची, राउटरने खाचा पाडायच्या, नेक सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी आवळायचा. नेक खराब झाला तर काढून दुसरा लावायचा. तोवर बेस म्हणजे माणसाएवढं उभं, कोरीव, सांधे चिकटवलेलं वाद्य होतं. फेंडरने त्याचं काम अदलाबदल करता येणाऱ्या भागांच्या जुळणीवर आणून ठेवलं. मोटारगाडीच्या कारखान्यातला माणूस हे बघून चकित होणार नाही.

जुळणीने वाद्य करणं आपल्यालाही नवं नाही. मिरजेची सतार घ्या. भोपळा मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचं, खुंट्या शिसवीच्या, पडदे धातूचे. प्रत्येक कामाचा हात वेगळा. एकोणिसाव्या शतकात हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा धंदा उभा केला आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धातूकाम करणाऱ्या हातांनी वाद्याकडे वळण्याचा दाखला असा घरचाच आहे.

‘जुन्या ढंगाची’ म्हणताना नेमकं कोणतं साल मनात आहे, हे आधी पक्कं करावं. 1951 ची बेस म्हणजे कडा न घासलेली जाड फळी, एकच सरळ पिकअप, ब्रिजवर दोनच सॅडल. 1954 मध्ये बॉडीच्या कडा उतरत्या झाल्या. 1957 मध्ये पिकअप दोन तुकड्यांत विभागला, ब्रिजवर चार सॅडल आली, हेडचा आकार बदलला. 1959 मध्ये फिंगरबोर्ड शिसवीचा झाला. 1960 मध्ये बारीक नेकची, दोन पिकअपची जॅझ बेस आली. जानेवारी 1965 मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी विकत घेतली आणि संग्राहकांनी तिथे रेघ ओढून ठेवली. त्याआधीचं ते खरं ‘व्हिंटेज’. या सालांची सरमिसळ करणारे पुष्कळ असतात आणि कुणी कोर्टात खेचत नाही. पण 1951 च्या बॉडीवर 1957 चा पिकअप बसवायचा तर खाच वेगळी आणि प्लेट वेगळी लागते. ड्रॉइंग एका सालाचं धरा, हा पहिला नियम.

या पट्ट्यात राहणाऱ्याने 1951 चा हट्ट धरू नये, असं माझं मत. एकेरी कॉइल परिसरातली विजेची सगळी गुणगुण उचलते. शेजारी वेल्डिंग चालू, लाइनवर मोटारींचे व्हीएफडी, अर्थिंग बेताचं, असा संसार असला की अँप्लिफायरमधून आधी एमआयडीसी ऐकू येते आणि नंतर बेस. 1957 च्या पिकअपचे दोन अर्धे भाग उलट्या वेढ्यांचे आणि उलट ध्रुवांचे असतात. बाहेरून आलेला गोंगाट दोन्हींत परस्परविरुद्ध उमटून जवळपास नाहीसा होतो, तारेचा आवाज मात्र टिकतो. हौस आणि सोय दोन्ही जिथे भेटतात ते साल हे.

आता लाकूड. मूळ बॉडी अ‍ॅशची किंवा अल्डरची. ही झाडं आपल्याकडची नव्हेत आणि त्यांच्यासाठी जिवाचं रान करण्याचीही गरज नाही. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पहिलं नाव येतं सागाचं. साग टिकाऊ, मोजमापाला विश्वासू, पण जड. बॉडीचं आकारमान ढोबळमानाने साडेचार लिटर धरलं तर अल्डरची बॉडी दोन किलोंच्या आसपास भरते आणि सागाची तीनच्या. तीन तासांच्या कार्यक्रमात तो वाढीव किलो खांद्याला कळतो. सागात तेलही असतं. थिनरने पुसून घेतल्याशिवाय सरस आणि रंग दोन्ही नीट धरत नाहीत. तूण हलकी, कापायला सोपी आणि वाद्यांना सरावलेली, म्हणून माझा कौल तिला. शिवणही चालते, फक्त नीट वाळलेली मिळायला हवी. हल्लीच्या घाईत वखारवाला ‘सीझन्ड आहे’ म्हणतो तेव्हा त्यावर मॉइश्चर मीटर टेकवून बघणं हाच उपाय.

या पट्ट्याचं म्हणून आणखी एक लाकूड आहे: पॅकिंगचं पाइन. परदेशातून मशीन येतं ते पाइनच्या पेटाऱ्यात, आणि पेटाऱ्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह व ‘एचटी’ असा शिक्का असतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश तापमान निदान 30 मिनिटं दिलं, म्हणजे किडे मेले, एवढाच त्याचा अर्थ. लाकूड फर्निचरइतकं वाळलं असं तो शिक्का म्हणत नाही आणि इथेच लोक फसतात. फेंडरच्या 1949 च्या गिटारच्या पहिल्या नमुन्याची बॉडी पाइनची होती, त्यामुळे इतिहासाचा आधार शोधणाऱ्याला तो मिळतो. पट्ट्या निवडून, खिळ्यांची भोकं आणि गाठी टाळून, वर्षभर माळ्यावर ठेवून मग एकमेकींना चिकटवल्या तर चांगली हलकी बॉडी निघते. ती मऊ असते, नखानेही वळ उठतो, स्क्रू पुन्हापुन्हा काढले तर पकड जाते. हे पत्करायची तयारी हवी.

असलं लाकूड आणि जुनं लोखंड शोधायला वर्षानुवर्षं लोक चिखलीजवळच्या कुदळवाडीला जात. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली भंगाराची दुकानं, गोदामं आणि छोटे कारखाने मिळून हजारो बांधकामं पाडली. अनधिकृत बांधकामं, आगी, प्रदूषण ही कारणं खोटी नव्हती. पण कुठल्या कारखान्याचा कोणता टाकाऊ माल कुणाकडे मिळतो ही माहिती माणसांच्या डोक्यात होती. माणसं पांगली तशी तीही पांगली. सुटे भाग जमवणाऱ्याला याचा फटका पेटाऱ्यांच्या तुटवड्यापेक्षा मोठा आहे.

लाकूड कापणार कोण? धातूकाम करणाऱ्या व्हीएमसीवाल्याकडे लाकूड घेऊन गेलात तर तो नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे. लाकडाचा भुसा कूलंटमध्ये गेला की त्याचा गाळ होतो, तो मशीन साफ करत बसणार नाही. इंटिरिअरवाल्यांकडचा सीएनसी राउटर आकार छान कापतो, पण प्लायच्या हिशेबाने. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर त्याचं काही बिघडत नाही. या कामाला योग्य माणूस माझ्या मते तिसराच आहे: फाउंड्रीचा पॅटर्नमेकर. ओतकामासाठी लाकडाचे साचे करणारी ही मंडळी आता कमी होत चालली आहेत, कारण साचे रेझिनचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे झाले. पण लाकूड कसं हलतं आणि मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे काय, या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असलेली एवढी माणसं दुसऱ्या धंद्यात मिळणार नाहीत. एकच सावधगिरी. पॅटर्नमेकरची पट्टी श्रिंकेजची असते, ओतीव धातू थंड होताना आकसतो म्हणून तिच्यावरच्या खुणा थोड्या वाढवून पाडलेल्या असतात. बिडाच्या एक टक्का पट्टीने 863.6 मिलिमीटर मोजले तर तार आठ-नऊ मिलिमीटर लांब होईल. त्याच्या हातात साधी पट्टी द्या.

हा 863.6 चा आकडा, म्हणजे 34 इंच, या ढंगाच्या बेसचा कणा. नटपासून सॅडलपर्यंतची ही लांबी. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, 431.8 वर. पहिल्या फ्रेटची जागा काढायची तर एकूण लांबीला 17.817 ने भागायचं: 48.47 मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरा, असं वीस वेळा. गणित सोपं आहे. त्या जागी बारीक करवतीने सरळ, सारख्या खोलीची खाच पाडणं, तार ठोकणं आणि वीसच्या वीस फ्रेटची डोकी एका पातळीत घासणं हे मात्र सोपं नाही.

म्हणून नेक विकत आणावा. इथे मी अभिमान बाजूला ठेवतो. चार तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ताण नेकवर रात्रंदिवस असतो. त्याला तोंड द्यायला आतली सळई आणि वाळलेलं कठीण मेपल लागतं. पुण्यात मे महिन्यात हवा कोरडी ठक्क आणि जुलैमध्ये भिंतीला ओल. या दोन टोकांमध्ये कच्चं लाकूड धनुष्यासारखं वागतं. धातूचा भाग एकदा इन्स्पेक्शनमधून पास झाला की झाला. नेकचं इन्स्पेक्शन प्रत्येक ऋतूत नव्याने करावं लागतं, आणि ही सवय आपल्या वर्कशॉपांना नाही. इंडोनेशियात सुराबायाजवळ आणि चीनमध्ये असे नेक हजारांनी बनतात. तिकडचा नवा नेक ड्यूटी-जीएसटी भरून मागवा किंवा सरळ वापरलेली इंडोनेशियन बेस घेऊन तिचा नेक काढून घ्या. दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा, कारण नेक डोळ्यांनी बघून, तारा चढवून, सळई फिरते का तपासून घेता येतो.

त्या नेकवरचा काळा-तपकिरी फिंगरबोर्ड बहुतेकदा भारतीय शिसवीचा असतो. ब्राझीलची शिसव दुर्मीळ झाल्यावर साठच्या दशकात अमेरिकन कारखाने आपल्या शिसवीकडे वळले. 2017 च्या जानेवारीत सगळ्या शिसव जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, कंपन्यांनी घाईघाईने दुसरी लाकडं लावली, आणि 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना व त्यांच्या भागांना सूट मिळाल्यावर काही जण परत आले. दक्षिणेतल्या जंगलातली शिसव अशी समुद्रापलीकडे जाऊन, मेपलला चिकटून, ड्यूटी लागून चाकणमध्ये येते.

धातूच्या भागांत मात्र हा पट्टा राजा आहे. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1962 मध्ये एमआयडीसीची स्थापना, टेल्को, बजाज, आणि 2009 च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज. या मोठ्या नावांमागे उभी राहिलेली हजारो लहान युनिटं हीच इथली खरी श्रीमंती. ब्रिज म्हणजे साधारण दोन मिलिमीटरचा पत्रा: लेझरवर कापायचा, प्रेस ब्रेकवर काटकोनात वाकवायचा, भोकं, बर काढायची, संपलं. सॅडल म्हणजे आटे पाडलेली छोटी नळी; ट्रॉब लेथवाला ती झोपेतही करेल. नेकची प्लेट, नॉब, पिकअपवरचं क्रोमचं झाकण, सगळं इथे होतं. प्लेटिंगवाला एका ब्रिजसाठी बाथ लावणार नाही. चालू जॉबच्या रॅकला एक हूक जास्त लाव म्हटलं तर लावतो. निकेल घ्या, क्रोमपेक्षा ते लवकर मळतं आणि जुनं दिसतं. ट्यूनरच्या वाटेला मात्र जाऊ नये. वर्म आणि गिअरची जोडी बनवता येते, पण बॅकलॅश न ठेवता चार नग करणं परवडत नाही.

जुनेपणाची हौस इथे गमतीशीर वळण घेते. नव्वदच्या दशकात फेंडरच्या कस्टम शॉपने मुद्दाम झिजवलेल्या, गंजवलेल्या गिटारी जास्त पैशाला विकायला सुरुवात केली. आपल्या पट्ट्यातल्या टेस्टिंग लॅबमध्ये सॉल्ट स्प्रेची पेटी असते. भागांवर मिठाच्या पाण्याचा धुरळा सोडून गंज किती तासांनी येतो ते बघतात आणि लवकर आला तर लॉट रिजेक्ट. बेसवाला त्याच पेटीपुढे गंज यावा म्हणून उभा राहील. मला स्वतःला हा प्रकार रुचत नाही. वाजवल्याने झिजायला दहा वर्षं लागतात, तर लागू द्यावीत.

रंगाबद्दल मात्र कितीही बोललं तरी कमीच, कारण रंगात हे वाद्य आणि मोटारगाडी सख्खी भावंडं आहेत. फेंडरचे प्रसिद्ध रंग गाड्यांचे होते. फिएस्टा रेड 1956 च्या फोर्ड थंडरबर्डचा, सॉनिक ब्लू त्याच वर्षीच्या कॅडिलॅकचा. ड्यूपॉन्टचे तयार डबे बाजारात मिळत, तेच फवारले जात. त्यांपैकी ड्युको हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. आपल्याकडे कपाटाला ‘ड्युको मारून’ घेतात, त्याचं मूळ हेच. थोडक्यात, पुण्यातला सुतार आणि फुलरटनचा कारखाना एकाच डब्यातून रंगवत होते.

म्हणून कुणी उठून कार प्लँटमधला रंग मिळतो का बघायला जाईल, तर तो उपयोगाचा नाही. तिथला रंग भट्टीत 140 अंशांच्या आसपास भाजून पक्का होतो. त्या तापमानाला लाकूड तडकेल, सरस सुटेल. हवा आहे गॅरेजमधला डेंटर-पेंटर. त्याचा टू-के पीयू रंग साध्या हवेत वाळतो, कडक आणि चकचकीत बसतो, शेड कोणतीही जुळवून मिळते, आणि दोन गाड्यांच्या मध्ये एक बॉडी टांगायला तो सहसा नाही म्हणत नाही. तोटा असा की पीयू पिवळा पडत नाही, त्याला बारीक तडे जात नाहीत, म्हणजे तो म्हातारा होत नाही. जुना दिसायचा असेल तर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, पातळ हातांनी, मध्ये घासत, आणि पावसाळ्यात अजिबात नाही. दमट हवेत एनसीवर दुधाळ पांढरट झाक धरते. एनसीच्या डब्याजवळ विडी पेटवू नये हे सांगायला नको. टू-केच्या वाफा छातीला वाईट; तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, फिल्टरचा मास्क लागतो. गॅरेजात तो क्वचितच दिसतो, आपण आपला न्यावा.

आता पिकअप. हा भाग इथे बनवावा की नाही यावर जाणकारांत दोन तट आहेत, आणि मी बनवण्याच्या बाजूचा. लागतात आठ अल्निको चुंबक, फायबरच्या चार पट्ट्या आणि तार. मूळ तार अमेरिकन गेजची 42 नंबर, व्यास 0.063 मिलिमीटर, केसाएवढी बारीक. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात जाऊन ‘42 नंबर द्या’ म्हटलं की दुकानदार देतो ती ब्रिटिश गेजची 42, व्यास 0.1 मिलिमीटर. बॉबिन निम्म्याहून कमी वेढ्यांत भरून जातं आणि पिकअप मुका निघतो. आपल्याला मागायची असते 46 एसडब्ल्यूजी, ती 0.061 म्हणजे जवळपास तीच. नंबर न सांगता मायक्रोमीटर घेऊन जाणं उत्तम.

पंख्याच्या मोटारी भरणाऱ्याचं हातमशीन इथे चालत नाही, त्याचा झटका ही तार सोसत नाही. रिले किंवा सोलेनॉइडच्या कॉइल भरणाऱ्या युनिटात जावं. तार रिळातून निघून फेल्टच्या दोन तुकड्यांमधून सरकते. मशीनवाला बोटाच्या टोकाने तिला डावी-उजवीकडे हलवत नेतो. काउंटर दहा हजारांच्या आसपास थांबतो. ताण जास्त झाला तर तार न तुटता लांबते, बारीक होते आणि मीटरवर रेझिस्टन्स उगाच वाढलेला दिसतो. ताण कमी झाला तर वेढे ढिले राहतात आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी घालतो. दोन्ही भाग झाले की मीटर लावायचा. एकेक पाच हजार ओहमच्या थोडा वर, दोन्ही मिळून साडेदहा हजारांच्या जवळ आला की समजायचं जवळपास दोन किलोमीटर तार नीट बसली. मग गरम मेणात बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. उलटा वेढा आणि उलटा ध्रुव यांची जोडी चुकली तर गुणगुण दुप्पट होते. टोकं बदलून बघितली की कळतं.

बाकी इलेक्ट्रॉनिक्स दहा मिनिटांचं काम. 250 किलोओहमचे लॉग पॉट दोन, 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पी-38 जॅक. कपॅसिटर जुन्या जातीचाच हवा, त्याने आवाज उबदार होतो, अशी श्रद्धा बाळगणाऱ्यांशी वाद घालू नये आणि त्यांचं ऐकूही नये. पॉट स्वस्तातला घेऊ नये, एवढंच. तो वर्षात खरखरतो.

सगळे भाग टेबलावर आले की खरी परीक्षा सुरू. अमेरिकन भाग इंचात, आशियाई मिलिमीटरमध्ये. बॉडीतलं पॉकेट मूळ मापाने 63.5 मिलिमीटर रुंद, आशियाई नेकची टाच कधी 62 भरते. दीड मिलिमीटरची फट राहिली की नेक बाजूला सरकतो आणि जाड तार फिंगरबोर्डवरून उतरते. म्हणून आधी नेक घ्यावा, व्हर्निअरने मोजावा आणि मग पॉकेट त्याच्या मापाने कापावं. बॉडी आधी करून नेक शोधत फिरू नये. ट्यूनरच्या भोकांचंही तेच. नेक बसला की ब्रिजला भोकं पाडायच्या आधी दोरा घ्या. पहिल्या आणि चौथ्या ट्यूनरपासून दोन दोरे नटमधून ब्रिजपर्यंत ताणा आणि वरून बघा: दोन्ही बाजूंना फिंगरबोर्डची कड सारखी उरली पाहिजे. ब्रिज सरकवत ती जागा शोधायची, तिथे पेन्सिलने खूण, मग ड्रिल. तारा फार उंच आल्या तर पॉकेटच्या मागच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची पट्टी. तेवढ्याने ब्रिजपाशी उंची जवळपास दोन मिलिमीटरने बदलते. शिम घालण्यात इथल्या फिटरला काही शिकवावं लागत नाही.

फ्रेट घासणं आणि नटच्या खाचा यांना गिटारवालाच हवा. किंवा, हा माझा आवडता तर्क आहे, सतारीची जवारी काढणारा. घोडीवर कानस फिरवून तारेचा झंकार आणणारे हात हाडाच्या नटमध्ये योग्य खोलीची खाच पाडू शकणार नाहीत, हे मला पटत नाही. बेसमध्ये त्यांना नेमकं उलटं काम करायचं असतं: झंकार नको, तार स्वच्छ सुटली पाहिजे.

जुना आवाज हवा असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय वेगळाच आहे. फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा लावा आणि ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवा. पन्नासच्या दशकातल्या बेसच्या ब्रिजवर क्रोमचं झाकण आणि आत असाच म्यूट असे. मोटाउनच्या रेकॉर्डवर जेम्स जेमर्सनची 1962 ची प्रिसिजन ऐका. तो फ्लॅटवाउंड तारा लावी आणि त्या बदलत नसे, असं सांगतात. साल, लाकूड, कपॅसिटर यांवर रात्री जागवणाऱ्यांनी हा प्रयोग आधी करावा. कित्येकांची गरज तिथेच भागेल.

पैशाचा हिशेब सरळ आहे. दुकानातली नवी इंडोनेशियन बेस यापेक्षा स्वस्त पडते, तीही वॉरंटीसकट. कारण पुन्हा तेच: एक नग. लेझरवाल्याचं प्रोग्रामिंग, ट्रॉबवाल्याचं सेटिंग, कॉइलवाल्याचं बॉबिन, प्रत्येकाचा सुरुवातीचा खर्च एका नगावर पडतो. लोक यातून वाट काढतात ती ओळखीने, सॅम्पल म्हणून, किंवा शिफ्टनंतरच्या रिकाम्या तासात, आणि त्या वाटेने काम अडकलं की महिनोन्‌महिने अडकतं. आठ-दहा जणांनी एकच साल ठरवून ब्रिज, प्लेट आणि पिकअपच्या पट्ट्या एकदम केल्या तर हिशेब बदलतो. अडचण अशी की आठ बेसवाले एका सालावर एकमत होत नाहीत.

राहिला हेडवरचा लोगो. पार्ट्सवर उभी केलेली बेस हा जगभर मान्य प्रकार आहे. सत्तरच्या दशकापासून अमेरिकेत सुट्या बॉडी-नेकचा धंदा चालतो, आणि एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही तीन गिटारींच्या भागांतून जुळवलेली गिटार 2004 च्या लिलावात 9,59,500 डॉलरला गेली. बॉडीच्या आकारावर मक्ता मागणारा फेंडरचा अर्ज अमेरिकेत 2009 मध्ये फेटाळला गेला. नाव आणि हेडचा आकार मात्र नोंदणीकृत आहेत. घरी वाजवायच्या बेसवर हौसेने स्टिकर लावला तर कुणी दारात येत नाही. ती विकायला काढली की तोच स्टिकर बनावट माल ठरतो, आणि तीन हातांनंतर कुणी पोरगा ती ‘ओरिजिनल’ म्हणून घेतो. हेडवर भोसरी लिहा, आपलं नाव लिहा किंवा कोरं सोडा. आणि पिकगार्डच्या खाली, खाचेत, पेन्सिलने लिहून ठेवा: नेक कुठला, बॉडी कुणी कापली, तार कोणत्या गेजची, महिना आणि साल. पुढच्या दुरुस्तीवाल्याला त्याचाच उपयोग होतो.